पडद्यावरची पाचवी रेघ

तुंगा पडदे करते ते पडक्या भिंती बघून. म्हैसूरच्या नजरबाद भागातलं एक जुनं सरकारी क्वार्टर पाडायच्या आदल्या दिवशी तिनं भिंतीला कागद लावून सगळं उतरवून घेतलं. पोपडे, ओल, तडे आणि दाराजवळ कुणा मुलाची उंची मोजलेल्या पेन्सिलीच्या चार रेघा. मग ते जसंच्या तसं सुती कापडावर दोऱ्यानं भरलं. काय हात आहे पोरीचा! कुवेंपुनगरात आमच्या हॉलमध्ये तो पडदा लागला आणि येणारा प्रत्येक जण आधी त्यालाच हात लावून बघू लागला.

दसऱ्याची साफसफाई करताना मला पाचवी रेघ दिसली. चौथीच्या चार बोटं वर.

तुंगाला बोलावलं. तिनं पडदा उलटा करून टाके पाहिले.

"अय्यो अक्का, मी चारच भरल्या. पण टाका बघा की! माझ्याहून नाजूक आहे. गाठसुद्धा दिसत नाही."

आम्ही दोघी कौतुकानं बघत राहिलो.

पंखा बंद होता. तरी रेघेच्या खाली, पडद्याच्या तळाशी, कापड दोन ठिकाणी मागं दबलं. कुणी टाचा टेकवून ताठ उभं राहावं तसं.

उंची मोजताना डोक्यावर धरतात तसा तुंगानं नकळत हात आडवा धरला. पाचव्या रेघेच्या जरासा वर तो कशावर तरी टेकला.