बारावा संत

संतांचे डोळे आधी खरवडायचे आणि मगच चुना फासायचा, असा नव्या धर्माचा हुकूम होता. वीस वर्षांपूर्वी लीनहार्टनेच ते संत चर्चच्या भिंतीवर रंगवले होते, गावातलीच माणसं समोर बसवून. आज पटाशीही त्याच्याच हाती आली.

दुपारपर्यंत अकरा संतांचे डोळे गेले. बाराव्यापाशी त्याचा हात अडला.

"हा कोण रे?" पाद्रीबाबांनी विचारलं.

"मीच," तो ओशाळून म्हणाला.

"मग तुझ्याच्यानं व्हायचं नाही. जा, जेवून ये. मी उरकतो."

बाहेर कडक ऊन होतं. पहिल्या संताला ज्याचा चेहरा दिला होता, तो पाववाला बास्तियान दुकानाच्या पायरीवर चाचपडत होता.

"कोण, लीनहार्ट का? काय मेलं आभाळ भरून आलंय! हातातला पाव दिसेना."

आभाळात ढगाचा ठिपका नव्हता.

शेजारच्या घरातून न्हावी बायकोवर ओरडला, "अगं, भर दुपारी खिडक्या कशाला लावल्यास?"

न्हावी दुसरा संत होता.

"बाबा, थांबा!" असं ओरडत लीनहार्ट उलट पावली धावला. चर्चचं दार दहा पावलांवर राहिलं. आत पटाशी करकरत होती.

एकाएकी डाव्या बाजूचं ऊन विझलं.

करकर क्षणभर थांबली, आणि पुन्हा सुरू झाली.