खो द्यायचा होता

जिल्हा खो-खोच्या अंतिम सामन्याचं शेवटचं मिनिट. प्रणोती पाठलाग करत होती, तेवढ्यात पळणारी मुलगी बसलेल्यांच्या रांगेतून पलीकडे सटकली. आता खो द्यायलाच हवा होता, आणि हाताशी पाठ होती ती नेमकी हर्षालीची.

पंधरा दिवसांपूर्वी प्रणोतीनं सगळ्या संघाला सांगून टाकलं होतं, "मला मुली आवडतात." कुणी भांडलं नाही. पण दुसऱ्या दिवसापासून हर्षाली वर्गात तिच्या बाकावर बसेनाशी झाली. तेव्हापासून सरावातही प्रणोती तिला टाळून दुसरीलाच खो द्यायची.

हात पुढे झाला आणि वीतभर अंतरावर थिजला. हिनं अंग चोरलं तर? सगळ्या मैदानादेखत किंचाळली तर? बाहेरून बाई ओरडत होत्या. काय, ते प्रणोतीला कळत नव्हतं.

"अगं, वाट कसली बघतेस?" मान न वळवता हर्षाली खेकसली. "दे ना खो!"

प्रणोतीनं दिला. पाठ तसूभरही आक्रसली नाही. हर्षाली झेपावली, आणि प्रणोती तिच्या रिकाम्या चौकोनात मटकन बसली. पळणारी बाद झाली की नाही, हे तिला शिट्टी वाजेपर्यंत समजलंच नाही.