तापलेला दगड

"सूर्य देव नाही, तापलेला दगड आहे, असं तुम्ही वर्गात सांगितलंत?" संस्थेच्या अध्यक्षांनी विचारलं.

"मी नाही. अनॅक्सागोरसनं," गायकवाड सर म्हणाले. "अडीच हजार वर्षांपूर्वी, अथेन्समध्ये. ग्रहण म्हणजे चंद्राची सावली, हेही त्यानं सांगितलं. इतिहासाच्या तासाला मी त्याची गोष्ट सांगितली, एवढंच."

"मग काय झालं त्याचं?"

"खटला भरला. शहर सोडावं लागलं."

कुणीतरी फिस्सकन हसलं. धाकू परबनं मान आणखी खाली घातली. तक्रार त्याच्या नावावर होती. शेजारी त्याची नववीतली मुलगी मालन बसली होती, डाव्या डोळ्यावर पांढरी पट्टी.

फेब्रुवारीतल्या त्या शनिवारी, ऐंशी सालच्या ग्रहणाला, अख्ख्या कांजूरमार्गनं दारं लावून घेतली होती. चाळीच्या गच्चीवर गेली ती एकटी मालन. संध्याकाळपर्यंत तिचा डोळा सुजून बंद झाला. चाळीत एकच बोभाटा झाला: ग्रहण बाधलं, आणि पोरीला शिकवलं त्या मास्तरनं. शेजारच्या राजारामनं अर्ज लिहून आणला. धाकूनं नुसती सही केली.

गायकवाड सर साताऱ्याकडचे. नोकरी अजून कायम व्हायची होती. शिष्यवृत्तीच्या परीक्षेसाठी शाळा सुटल्यावर ते मालनला शिकवत, एक पैसा न घेता.

"पुठ्ठ्याला भोक पाडा, जमिनीवर पडणारा कवडसा बघा, सूर्याकडे चुकूनही पाहू नका, असं मी दोनदा बजावलं होतं," सर म्हणाले. "मालनला विचारा."

अध्यक्ष मालनकडे वळले. "बोल बाळ. सांगितलं होतं सरांनी?"

मालननं आधी बापाकडे पाहिलं. धाकूची नजर फरशीवरून हलली नाही.

"नाही," ती म्हणाली. "सर असं काय बोलले नव्हते."

खोलीत गलका उठला. सरांनी तिच्याकडे पाहिलं. मग हळूच म्हणाले, "पोर खोटं कशाला बोलेल? माझ्याकडूनच राहिलं असेल."

त्यांनी तिथंच कागद मागून घेतला, उभ्या उभ्या राजीनामा लिहिला. जाताना धाकूपाशी थांबले.

"परब, डोळा चांगल्या डॉक्टरला दाखवा. आणि काही झालं तरी हिची शाळा सोडवू नका. हुशार आहे."

त्यांचे पाय धरावेत असं धाकूला वाटलं. पण त्यानं नुसती मान हलवली.

बापलेक स्टेशनचा पूल उतरले. शेवटी धाकूच म्हणाला, "खोटा कित्याक बोललंस गो? देवमाणूस तो."

मालन थांबली. उघड्या डोळ्यातून पाणी वाहत होतं.

"मग काय सांगायचं होतं, बाबा? कवडसाच बघितला म्हटलं असतं, तर डोळा कशानं सुजला ते सांगावं लागलं असतं. डॉक्टरांनी पण विचारलं, सूर्याकडे बघून एकच डोळा कसा सुजला. त्यांनाही मी सूर्यच सांगितला. गच्चीवरून खाली आल्यावर तुम्ही मारलंत, ते नाही सांगितलं."