म्हण बघू

"लगनअप्पा!" खाटेपाशी कोथिंबिरीच्या चार काड्या नाचवत गोदाक्का मोठ्याने म्हणाली आणि नवऱ्याच्या तोंडाकडे टक लावून बसली.

पक्षाघात झाल्यापासून अण्णा बोललेच नव्हते. डॉक्टर म्हणाले होते, त्यांच्या आवडीचं काही बोलत राहा, ओळख परतली तर परतेल. आता यांची आवड कसली, तर जगावेगळे इंग्रजी शब्द! रोज सकाळच्या चहाबरोबर एक नवा ऐकवायचे. भाजीवाला वर फुकट घालतो त्या कोथिंबिरीलासुद्धा साहेबाकडे शब्द आहे म्हणून केवढे हरखले होते. "लॅन्याप. म्हण बघू."

"मी नाही म्हणत, जा. तुमच्या शब्दाने कोथिंबीर येत नाही, मला भांडून आणावी लागते." चौथी शिकलेल्या गोदाक्काने त्यांचा एकही शब्द कधी तोंडात घेतला नव्हता.

पण चुकीचा उच्चार अण्णांना सोसायचाच नाही. लेकीच्या लग्नात भर पंगतीत व्याह्यांचं इंग्रजी सुधारून त्यांनी रुसवा ओढवून घेतला होता. म्हणून तर आज ती मुद्दाम चुकली होती.

"अहो, लगनअप्पा! ऐकताय ना? चुकले मी. ओरडा की!"

अण्णा हसले. परक्या बाईकडे बघून हसावं तसं, अदबीने.

गोदाक्काने काड्या मांडीवर घेतल्या. पिवळी पानं खुडता खुडता, मान वर न करता, त्यांना हवा होता अगदी तसाच तिने तो शब्द म्हटला.

"लॅन्याप."

अण्णा अजून तेवढ्याच अदबीने हसत होते.