सहा गोळ्या जास्त

“रावजीकाका, सहा गोळ्या जास्त आहेत,” नम्रता म्हणाली.

रावजीनं टेबलावरच्या गोळ्यांकडे पाहिलं. अठ्ठावीस दिवसांपूर्वी तीस मिळाल्या होत्या. दोन उरायला हव्या होत्या. आठ होत्या.

“मागच्या महिन्यात चार जास्त. आता सहा. गोळी चुकवता तुम्ही.”

“येक पन चुकवली नाय, बाय. आईशपथ.”

नम्रता हसली नाही. समुद्रावर जाणारी माणसं एचआयव्हीची गोळी वेळेवर घेऊ शकतात का, याचा अभ्यास रत्नागिरीच्या या उपचार केंद्रात चालला होता, आणि गोळ्या मोजणं हे तिचं काम होतं. शपथा तिनं रोज ऐकल्या होत्या.

“आणि काकूंना तपासणीला कधी आणताय? चार वर्षं झाली.”

“आनतो,” रावजी म्हणाला. चार वर्षं तो हेच म्हणत होता.

घरी जाताना तो मनाशी हिशेब करत राहिला. गोळी त्यानं रोज घेतली होती. मग जास्त आल्या कुठून? बाटलीतून कुणी गोळी चोरली, तर ते समजू शकतं. बाटलीत गोळ्या घालणारा कोण?

बाटली माळ्यावर होती, फाटक्या जाळ्यांच्या ढिगात, ऑइलच्या रिकाम्या डब्यात. रात्री नऊला बायको, चिमा, मागीलदारी भांडी घासायला गेली की तो हळूच वर चढायचा. तिला त्यानं काही कळू दिलं नव्हतं. कंबरदुखीचं निमित्त काढून तो चार वर्षं पडवीत झोपत होता. आपण निदान हिला तरी वाचवलं, एवढंच त्याला समाधान होतं. बाकी सगळी भीतीच. बंदरात कळलं असतं तर चिमाच्या टोपलीतला बांगडा कुणी उचलला नसता.

पहिला संशय त्याला धाकट्या भावावर, शिवावर आला. बोट दोघांची होती, आणि तांडेल, बोटीचा म्होरक्या, व्हायची शिवाला भारी घाई.

रावजी रोज गोळ्या मोजू लागला. जमिनीवर होता तोवर आकडा चोख राहिला. मग बोट पाच दिवसांसाठी निघाली. बाटली बोटीवर नेणं शक्यच नव्हतं. तिथं खलाशांपासून काही लपत नाही. नेहमीप्रमाणे पाच दिवसांच्या गोळ्या त्यानं प्लॅस्टिकच्या पुडीत बांधून खिशात टाकल्या. बाटलीत वीस उरल्या.

परत आला तेव्हा पंचवीस होत्या.

शिवा पाचही दिवस त्याच्या शेजारी जाळं ओढत होता. घरात होती फक्त चिमा.

रावजीनं त्यातल्या पाच गोळ्या काढल्या आणि माडाच्या मुळाशी पुरल्या. कुठली खरी, कुठली खोटी, देव जाणे. दिसायला सगळ्या सारख्याच, पांढऱ्या, लांबट. आता रोजची गोळीसुद्धा तो दिव्यापुढे धरून, उलटसुलट पाहून मगच गिळू लागला.

चिमाचं वागणंही बदललं होतं. हल्ली ती नऊला मागीलदारी जाईनाशी झाली होती; गोळीसाठी त्याला ती झोपेपर्यंत थांबावं लागे. कधी कधी चुलीपुढे नुसती बसून राहायची आणि त्याच्याकडे बघायची.

“काय बगतंस?”

“काय नाय. अंगात कसकस हाय जरा.”

आणि ते खेड. महिन्यातून एकदा ती खेडला बहिणीकडे जायची, सकाळी जाऊन संध्याकाळी परत. त्यानं कधी विचारलं नव्हतं. आता मात्र त्याच्या डोक्यात चक्रं फिरू लागली. तिला सगळं कळलं असणार. चार वर्षं फसवलं म्हणून ती आता सूड घेत असणार. खेडहून काय आणते ही?

“भयनीकडं येवढं काय असतंय गो तुजं?” त्यानं एकदा विचारलंच.

“भयनच असते,” ती म्हणाली आणि तोंड फिरवून मासळी निवडू लागली.

पुढच्या खेपेला रावजीनं सहा दिवसांची पुडी बांधली, चिमाचा निरोप घेतला आणि बंदरावर गेला. कंबर धरली म्हणून बोट शिवाच्या हवाली केली. चिमा बाजारात टोपली घेऊन बसली होती. तो मागच्या वाटेनं घरी आला आणि माळ्यावर जाळ्यांच्या आड दडून बसला. पन्नाशी उलटलेला तांडेल, स्वतःच्याच घरात चोरासारखा. त्याला लाज वाटत होती, पण भीती जास्त होती.

दुपारी चिमा आली. हातपाय धुतले. मग शिडी वाजली. ती दोनदा थांबली, धापा टाकत वर आली. तिनं नेमका तोच डबा ओढला. न चाचपडता.

बाटली काढून तिनं चिठ्ठीवरची तारीख वाचली. बोटांवर दिवस मोजले. गोळ्या पदरात ओतल्या, त्याही मोजल्या. पुन्हा मोजल्या आणि बाटलीत भरल्या. मग कमरेची पिशवी सोडून तिनं मुठीत काहीतरी धरलं आणि त्याच्या बाटलीत एकेक गोळी सोडू लागली. सहा.

रावजीनं जाळं झुगारून तिचं मनगट पकडलं.

“काय घालतंस त्यात? बोल!”

चिमा किंचाळली नाही. तिनं फक्त डोळे मिटले.

“तारखेवारी सहा कमी हायत,” ती म्हणाली. “परत्येक खेपेला कमीच असतात. कुटं सांडतात तुमच्या? येक दिवस पन चुकवायची नाय, बाय सांगते.”

“कुठची बाय?”

तिनं मूठ तेवढी उघडली.

रावजीनं तिच्या मुठीतली दुसरी बाटली घेतली. त्याच्या बाटलीसारखीच होती. चिठ्ठीवर खेडच्या केंद्राचा शिक्का होता, नाव चिमाचं होतं, आणि आत एकही गोळी उरली नव्हती.