टाकता न येणारा स्वेटर
“गेम बनवून पोट भरतं का?” या आईच्या प्रश्नावर मुलगा घर सोडून गेला, त्याला चार वर्षं झाली. बोलणंही बंद होतं. आता त्याचा गेम येणार होता आणि आई टोपणनावाने चाहत्यांच्या ग्रुपमध्ये शिरून त्याच्या मुलाखतींवरचा काथ्याकूट मुकाट वाचायची. आज सगळे गेममधल्या नायकाच्या स्वेटरवर तुटून पडले होते. “डेमो खेळताना त्याच्या पिशवीतलं बाकी सगळं टाकता येतं, मग हाच का नाही?” “कोपरावर वीण चुकलीय. तिथेच गुप्त नकाशा असणार!” तिने नवी मुलाखत लावली. तिथेही हाच प्रश्न. मुलगा हसला. “पुढे बर्फ आहे, लागेल तो.” त्याने कोपर टेबलावर टेकवलं. अंगात तोच स्वेटर होता, तिने विणलेला, चुकलेल्या विणीचा. व्हिडिओ थांबवून तिने सरळ त्याला फोन लावला. “बाह्या आखूड झाल्यात,” ती म्हणाली. “खांद्याचं माप सांग.”