ड्रम परत न्या

“सर, तुमचा रिकामा ड्रम माणूस मारतो, हे तुम्हाला माहितीये का?”

हिंमत असेल तर विचारून दाखव, अशी वर्गातल्या वेणूची पैज होती. दहावीतल्या अक्षदाने भर हॉलमध्ये माइक ओढून घेतला आणि विचारलं. शाळेत पाहुणे म्हणून आलेले केमिकल कंपनीचे मॅनेजर दिनानाथसाहेब पाणी पिता पिता थांबले.

“रिकामे ड्रम आम्ही भंगारात विकतो. पुढचं आमच्या हातात नसतं.”

“भगवानकाकांचे तर हातच राहिले नाहीत, सर.”

भगवानकाका मोरिवलीत तिच्या शेजारी राहायचे. पाणी साठवायला त्यांनी भंगारातून तसलाच ड्रम आणला आणि वरचा भाग कापायला गॅसकटर लावला. तळाशी केमिकल उरलं होतं. स्फोटात ते भिंतीवर फेकले गेले, ते उठलेच नाहीत.

तिचा प्रश्न गावभर झाला. आठवड्याने पाचशे माणसं कंपनीच्या गेटवर. “ड्रम परत न्या!” गाड्यांच्या काचा फुटल्या, वॉचमनला लाथा बसल्या. अक्षदा आणि तिचा चुलतभाऊ विनीत सगळ्यात पुढे. दिनानाथ हात वर करून बाहेर आले. काही बोलणार, तोच दगड आला. डोळा फुटला. हातातला कागद रक्ताने भिजला.

त्या कागदावर मालकाची सही होती. यापुढे सगळे ड्रम कंपनीच परत नेणार. सरकारी नोटिसांना, परदेशी गिऱ्हाइकांच्या तंबीलाही मालक बधला नव्हता. शाळेतून गेल्यापासून दिनानाथ त्याच्याशी रोज भांडत होते.

कॅमेऱ्यात दगड दिसला, हात नाही. पोलिसांनी विनीतला उचललं. पट्ट्याने सोलून काढलं. तो तोंड उघडेना.

“तू शेजारी होतीस ना गं बाय,” त्याची आई, गोजरकाकी, अक्षदाच्या पाया पडायला लागली. “तुलाच इचारतील. माझ्या पोराला बुडवू नको.”

“ती काय बोलणार नाय, वहिनी,” पप्पा म्हणाले.

विनीतचाही निरोप आला. अक्षीला सांगा, एकदम गप्प बस.

चौथ्या दिवशी कंपनीचा ट्रक ड्रम गोळा करत गावात फिरला. पोरांनी शिट्ट्या मारल्या, कोणीतरी ताशा काढला. अक्षदा दार लावून आत बसली.

जेवायला बसल्यावर ती म्हणाली, “आई, पप्पा, उद्या मी चौकीत जाऊन नाव सांगणार आहे.”

“डोकं फिरलंय काय तुझं?” आई ओरडली. “मारतील गं त्याला!”

पप्पा ताटावरून उठले. हात उगारला. “आपल्याच विनीतचं नाव घेशील?”

“नाही, पप्पा. माझं.”